पेरू न कापणारी तलवार

सुभेदारकाका सकाळी सातला फोन करायचे आणि 'हॅलो' कधीच म्हणायचे नाहीत. "काय गं पोरी, पान तीनवरच्या त्या एके-४७ मध्ये दारू तोंडाकडून ठासायची असते. ही नवी निघाली का?" अशी थेट सुरुवात. मी जयपूरच्या एका हिंदी दैनिकात बातम्यांना मथळे देते. मथळा एके-४७चा, फोटोतली बंदूक मात्र कुणाच्या तरी आजोबांच्या काळातली, रानडुकरं हाकलायची. पण 'पुरानी बंदूक मिली' असा मथळा दिला तर संपादक माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात!

काका मूळचे साताऱ्याकडचे. सैन्यात आर्मरर होते, म्हणजे पलटणीची हत्यारं दुरुस्त करणारे. शेवटची बदली जयपूरला झाली आणि ते तिलक नगरातच राहिले. माझे वडील रेल्वेत. मराठी मंडळाच्या गणपतीत दोघांची गाठ पडली आणि मी काकांची 'पोरगी' झाले. आमच्या मराठीत 'मतलब' आणि 'भैया' कधीच घुसले होते; काकांची भाषा मात्र साताऱ्याहून निघाली तशीच राहिली.

"तुमच्या पेपरात साधा चाकू नसतोच बघ," ते म्हणायचे. "भाजीची सुरी पोलिसांच्या हाती लागली की तिचा खंजीर होतो. दिवाळीचे चार सुतळी बॉम्ब धरले की दारूगोळा!"

"काका, लोक आवडीनं वाचतात."

"लोक तमाशालाही आवडीनं जातात. म्हणून आम्ही पलटणीत नाचलो नाही." आणि मग ठरलेलं वाक्य यायचं, "हत्यार आधी हातात घ्यावं, मग त्याचं नाव घ्यावं." मी हो म्हणायचे आणि दुपारी आणखी एक खंजीर छापायला पाठवायचे.

त्यांच्या शेजारी बाबूलालजी राहायचे. लग्नाचे साफे, शेरवान्या आणि नवरदेवाच्या तलवारी भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. इकडे नवरदेव तलवारीशिवाय घोडीवर बसत नाही, आणि त्या तलवारीला धार नसते, असली तर घोडीच पळून जाईल. लगनसराईच्या तोंडावर त्यांचा टेम्पो नाक्यावर अडवला गेला. आमच्याकडे दोन ओळींची बातमी आली. मी मथळा दिला, 'तलवारों का जखीरा पकड़ा, बड़ी साजिश की बू'. साठा, कट, सगळं एका ओळीत; छान दिसला. संध्याकाळपर्यंत पोलिसांनी बोथट पाती पाहून बाबूलालजींना सोडलं. तेही आम्ही छापलं, पान अकरावर, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली.

बाबूलालजींच्या लेकीचं, सुमनचं, लग्न ठरलेलं होतं. मुलाकडून निरोप आला, "अभी ठहर जाते हैं." बाबूलालजी दुकान उघडेनात. सुमन जेवेना.

काका त्यातली एक तलवार टॉवेलात गुंडाळून सी-स्कीममधल्या आमच्या ऑफिसात आले. संपादकांच्या टेबलावर एक पेरू ठेवला आणि सगळा जोर लावून त्याच्यावर तलवार चालवली. पेरू घरंगळत साहेबांच्या मांडीवर जाऊन पडला. "ही तुमची साजिश," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्धी पेपरात मथळा, 'अखबार के दफ्तर में तलवार लेकर घुसा रिटायर्ड फौजी, अफरातफरी'. पळापळीचा उल्लेख होता, पेरूचा नाही.

सकाळी सातला फोन. "रिटायर्ड तेवढं बरोबर छापलंय." मग त्यांनी विचारलं, "बाबूलालचा मथळा कुणाचा गं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझाच, काका."

 "मग तूच चल मुलाकडच्यांच्या घरी," ते म्हणाले.

मुलाच्या वडिलांनी चहा दिला. मी खाली मान घालून म्हटलं, "हेडिंग मैंने लगाया था. तलवारें मैंने देखी भी नहीं थीं."

ते भले गृहस्थ होते. "हम तो मान लें, बेटी. पर अखबार पूरी बिरादरी ने पढ़ा है. किस-किस के घर जाओगी?"

काकांनी खिशातून चष्मा काढला. "नाम लिखवाइए," ते म्हणाले.

चौदा घरं निघाली. काकांचे गुडघे गेलेले, जिना आला की ते खालच्या पायरीवर बसायचे आणि मला वर पिटाळायचे. मी दार वाजवायचे आणि तीच दोन वाक्यं म्हणायचे. कुठे सरबत मिळालं, कुठे जाळीच्या दाराआडूनच 'ठीक है' मिळालं. एका घरातून तर चांगलीच बोलणी खाऊन आले आणि काकांवरच चिडले, "पुरे झालं हो! एवढं कुणी करत नाही."

"पेपरातनं एका सकाळीत सगळ्यांच्या घरी गेलीस की नाही? आता पायानं जा," ते म्हणाले आणि कठड्याला धरून उठले.

बारा घरं झाली तोवर मुलाकडचे राजी झाले. सुमनचं लग्न लागलं, जरा उशिरा, पण वाजतगाजत. काका पंगतीत दोनदा बसले. नंतर महिन्याभरातच हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. मी सख्ख्या काकासाठी रडले नसते एवढी रडले.

त्यांचं तेरावं झाल्यावर उरलेल्या दोन घरी गेले. शेवटच्या घरी एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. मी तलवारींचं नाव काढताच म्हणाल्या, "अरे, कौन सी तलवारें? लड़की का ब्याह तो कब का हो गया."

"हो गया, माँजी," मी म्हटलं, आणि दोन्ही वाक्यं पूर्ण म्हटली.