हसा बघू

महाडला दातांच्या दवाखान्यात दर महिन्याला एका मावशीशी माझी गाठ पडायची. माझे दात चावताना जुळत नव्हते. ती पोलादपूरच्या वरच्या वाडीतून यायची; घरात एकटीच, नवरा आणि मुलं मुंबईला. हसताना वरची हिरडी पुरती दिसायची, म्हणून बोलतानाही तोंडावर पदर. डॉक्टरांनी ऑपरेशन न करता हिरडीत बारीक स्क्रू बसवून, तारांनी तिचे दात वर ओढून घेतले. दर खेपेला फोटो काढताना ते म्हणायचे, "मावशी, हसा बघू." तेवढ्यापुरता पदर खाली यायचा.

तिच्या तारा निघाल्या. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून रात्री लावायला रिटेनर मिळालं. काही महिन्यांनी बघते, तर ती परत बाकावर. ती आत गेली आणि डॉक्टरांचा चिडका आवाज आला, "दात सरकलेत. रिटेनर लावत नाही ना?"

"इसरते," ती म्हणाली.

एसटी स्टँडवर तिनं पाण्याच्या बाटलीसाठी पिशवी उघडली. तळाशी रिटेनरची डबी होती, दवाखान्यातली चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"तुला म्हनून सांगते गो. लावलं तर दात जाग्यावर रातील, मग डाक्टर कशाला बोलवतील? घरात कोन हाय, हस म्हनायला?"