हाक कुणाला

गाव सोडलं त्या सकाळी आई फाट्यापर्यंत आली नाही. तुरीच्या खुरपणीचं निमित्त करून रानातच थांबली. लोहाऱ्याला जाणारी जीप भरेपर्यंत धाकटी मालू माझी पिशवी धरून उभी होती. जीप सुरू झाली आणि दोन शेतं ओलांडून आईची हाक आली, "...आलूऽऽ!"

एवढ्या लांबून पहिलं अक्षर कधी पोचतच नसे. मी शालू, ती मालू. दोघींना ऐकू यायचं ते नुसतं 'आलू'. तरी जिची हाक असेल तीच उठायची. त्या दिवशी मालू म्हणाली, "तुलाच मारायलीय. बघ की मागं." मी बघितलं नाही. बघितलं असतं तर जीपमधून उतरलेच असते.

बंगळूरला मी उशिरा बोलू लागणाऱ्या मुलांना शिकवते. थेरपीच्या कोर्सात कळलं की तोंडातला कुठलाच आवाज सुटा नसतो. 'म' म्हणताना नाकाची वाट उघडते ती लगेच मिटत नाही. पुढच्या 'आ'मध्येही थोडं नाक उरतं. 'श'नंतरचा 'आ' तसा नसतो. वाऱ्यानं पहिलं अक्षर नेलं तरी त्याची खूण शेजाऱ्याच्या अंगावर राहते. मोठा शोध लागल्यासारखा मी मालूला फोन केला. ती म्हणाली, "एवढ्यासाठी बंगळूरला गेलीस व्हय? आमाला तर पहिल्यापासनंच कळत व्हतं."

पुढं मालूला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली. तेव्हापासून आईचं विसरणं वाढलंय. जेवली की नाही तेही ध्यानात राहत नाही, असं तिच्याजवळ राहणारा दादा सांगतो. मला एकच धास्ती आहे, ती मला विसरेल. इथं मला शालू म्हणणारं कुणी नाही. पालक मॅम म्हणतात, लिफ्टमधले नुसतं हसतात. कुकरमध्ये एका माणसाचा भात लावायचा मला अजून कंटाळा येतो.

परवा रविवारी आईचा फोन आला. गावात रेंज कसली ती. सुरुवातीचा आवाज गळूनच गेला. "...आलू?"

त्या 'आ'त नाक होतं. रोज मुलांच्या नाकाखाली आरसा धरून, त्यावर वाफ येते का बघत, हेच तर शिकवते मी. हाक मालूला होती. मग आईनं स्पष्ट विचारलं, "शालू आली का गं?"

"न्हाय, आई. येते म्हणलीय."

"येऊ दे. शेंगाची चटणी कुटून ठिवलीय तिच्यासाठी."

म्हणजे घरी अजून माझी वाट बघतात. गावाकडच्यांनो, दिवाळीला येतेय मी. दारातून आई कुठलीही हाक मारू दे, तिला ओ द्यायला आता मी एकटीच उरले आहे.