दांड्यावरची कोरी वीत

बुधाकाका कुऱ्हाडीचा दांडा कोरतात, तेव्हा खाली एक वीतभर जागा कोरीच सोडतात. वर मोर आणि पानं, खाली नुसतं गुळगुळीत धावड्याचं लाकूड.

मी मोर्चाची पत्रकं घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो होतो. वनखात्याने त्यांची कुऱ्हाड जप्त केली आणि साहेबाच्या बंगल्यात शोभेला टांगली. आणि हा माणूस पुन्हा नक्षी करत बसलेला! माझं डोकंच फिरलं.

"मग काय, जावयाला नागडा दांडा देऊ?" काका म्हणाले. "आठ दिवसांवर लग्न आलंय. दांडा होईल रे, पण पातं माझ्या बापाचं होतं. ते तिकडे अडकलंय."

"ही खालची जागा राहिली का?"

"तिथं हात धरतो, शहाण्या. तिथं कोरलं तर तळहात सोलून निघतो. भिंतीवर टांगायचा असता तर सगळाच कोरला असता."

मग त्यांनी पत्रक लेकीकडून वाचून घेतलं. जुलमी, मुजोर, रक्तपिपासू, एल्गार. मी एक ओळ मोकळी सोडली नव्हती. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "यात माझं पातं कुठं मागितलंय?"

कुठेच नव्हतं. गठ्ठा बगलेत धरून मी तसाच उठलो. चीड साहेबाची होती की स्वतःची, कळेना. दोन आळ्या ओलांडल्या आणि वडाच्या पारावर बसून प्रत्येक पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागलो : बुधाकाकांचं पातं लग्नाआधी परत द्या.