खटका तपासणारे मामा

माझ्या मामेसासऱ्यांइतका सावध माणूस लालबाग-परळच्या पट्ट्यात आजवर झाला नाही, आणि पुढेही होईल असं मला वाटत नाही. कारण एवढी सावधगिरी बाळगायला जो वेळ लागतो, तो आता मुंबईत कोणाकडे उरलेला नाही. बाकीची माणसं चहा पितात. मामा आधी कपाचा कान हलवून बघतात, मग पितात. आमच्या घरी आले की मिक्सरचं पातं पूर्ण थांबून प्लग भिंतीतून बाहेर येईपर्यंत माझ्या बायकोला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भाचीला, झाकणाला हात लावू देत नाहीत. ‘‘मामा, चटणी आहे हो, बॉम्ब नाही,’’ ती म्हणते. मामा शांतपणे म्हणतात, ‘‘पात्याला ते कळत नाही.’’

मामा गिरणीत फिटर होते. गिरणी गेली, तेव्हा त्यांनी चाळीतल्या पुढच्या खोलीत पितळेला पॉलिश करायचं काम मांडलं. समया, घंटा, तबकं, भजनी मंडळाचे टाळ, कॅरमच्या स्पर्धांत मिळालेले आणि नंतर कोणीच न पुसलेले कप, सगळं त्यांच्याकडे काळवंडून यायचं आणि आरशासारखं होऊन जायचं. हत्यार एकच. हातात धरायचं विजेचं पॉलिश मशीन, दुधीभोपळ्याएवढं, तोंडाला बशीएवढी फेल्टची गादी, बोटाखाली खटका, आणि बोट दुखू नये म्हणून खटका दाबलेलाच अडकवून ठेवणारं बाजूला एक इवलंसं बटण. या मशीनला मामा ‘अहो’ म्हणायचे. ‘‘अहो आज जरा गरम झालेत, त्यांना दहा मिनिटं बसू दे.’’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं घरात आणखी कोणी वडीलधारं आहे. मी कारण विचारलं, तेव्हा मामा रंगात आले, आणि रंगात आले की ते मालवणीत शिरतात. ‘‘जा मिनटाक हजारदा फिरता आणि दमणा नाय, तेका अरे-तुरे करूचा नसता, जावयबापू.’’

त्यांच्या दारामागे एक खिळा होता. अंगावर जे जे म्हणून लोंबतं ते या खिळ्याला टांगल्याशिवाय खोलीत प्रवेश नाही. देवळातली घंटा न्यायला आलेल्या भटजींचं उपरणं तिथे लटकलं आहे, शेजारच्या कॉलेजकन्येची ओढणी लटकली आहे, बँकेतल्या एका साहेबांचा टायही. एकदा निवडणुकीच्या दिवसांत कुठल्याशा पक्षाचे कार्यकर्ते गळ्यात पक्षाच्या रंगाचा गमछा घालून कप घ्यायला आले. मामांनी खिळा दाखवला. कार्यकर्ते म्हणाले, ‘‘काका, हा काढता येत नाही, पक्षाचा आहे.’’ मामा म्हणाले, ‘‘मशीनला पक्ष नसतो. एक धागा मिळाला की मान मागतं.’’ गमछा खिळ्यावर गेला. स्वतः मामा अर्ध्या बाह्यांचा, अंगाला चिकटलेला गंजीफ्रॉक घालत, अंगठी आणि गळ्यातला गोफ मामींकडे जमा करत, डोळ्यांवर चष्मा, नाकावर फडकं बांधत, वायर पाठीमागून खांद्यावर टाकत, आणि रबराच्या चटईवर दोन पाय रोवून उभे राहत. गादी नेहमी मधून कडेकडे जाणार, कडेवरून आत कधीच नाही. ‘‘कडेला धरलं की ते वस्तू फेकतं, आणि फेकताना समोर कोण आहे बघत नाही.’’ खटका सोडल्यावरही चाक फिरत राहतं, म्हणून ते पूर्ण थांबेपर्यंत मशीन दोन्ही हातांत धरून उभं राहायचं, हा नियम तर वेदवाक्य. त्यांच्या मुलीला मुलगी झाली तेव्हा मामी फोन हातात घेऊन ओरडत आल्या, ‘‘अहो, नात झाली!’’ मामांनी खटका सोडला आणि चाक थांबेपर्यंत पुतळ्यासारखे उभे राहिले. मग मशीन उताणं ठेवलं, प्लग काढला, वायर गुंडाळली, चष्मा काढला, आणि मग रडले.

पण सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची हाक. मशीन सुरू करण्याआधी मामा खटका बंद आहे ना हे तपासत, मशीन टेबलावर उताणं ठेवत, दारात जात आणि अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल अशी हाक देत, ‘‘सुरू करतंय हां!’’ यावर तीन दारांतून ‘‘करा!’’ आल्याशिवाय ते प्लगला हात लावत नसत. गिरणीतली सवय. तिथे हाक न मारता पट्टा फिरवला तर कोणाचा तरी हात आत असायचा. चाळीतल्या या खोलीत कोणाचा हात आत असणं शक्यच नव्हतं, पण नियम तो नियम. मजला त्याला सरावला होता. कोणी दात घासत असेल तर फेसासकट ‘‘कवा!’’ म्हणायचं. टोकाच्या खोलीतल्या निवृत्त शिक्षिका ‘‘करा, पण लवकर आवरा!’’ म्हणायच्या, ते एकच उत्तर धरलं जाई. क्रिकेटच्या एका अंतिम सामन्याच्या दिवशी कोणीच ओ देईना, तेव्हा मामा डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडकं लावून पाऊण तास स्टुलावर बसून होते. शेवटी मामी तीन वेगवेगळ्या आवाजांत ओरडल्या. मामांनी ते ग्राह्य धरलं नाही.

इथवर मी हसत लिहिलं. पुढचं मी तीन वर्षं कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आता सांगतो.

गणपतीच्या आधीचा रविवार होता. चाळीच्या गणपतीची पितळी प्रभावळ मामांच्या टेबलावर आडवी पडली होती, एवढी मोठी की टेबलावर दुसरं काही ठेवायला जागा नव्हती. मी आणि बायको सकाळीच दादरहून आलो होतो. मामांनी खटका तपासला, मला दाखवला. ‘‘बंद. बघितलात?’’

‘‘बघितलं.’’

मग मशीन ठेवायला जागा शोधली. जमिनीवर त्यांना ते ठेववेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा वर्षांच्या जावईपणात मला त्या मशीनला बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. ‘‘धरा,’’ ते म्हणाले. ‘‘उताणं. बोट खटक्यापासून लांब.’’ आणि दारात गेले.

‘‘सुरू करतंय हां!’’

एक ‘‘करा’’ आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला वेळ लागला. मी कचेरीत दिवसभर पेनाचं टोक टकटक करत बसणारा माणूस. माझं बोट आपसूक खटक्यावर गेलं, खटका दाबला गेला, अंगठ्याखाली ते इवलंसं बटण आलं, तेही दाबलं. टक. प्लग बाहेरच होता, काहीच झालं नाही. छान सोय आहे, एवढंच मनात आलं. तेवढ्यात बाईंचं ‘‘करा, पण लवकर आवरा!’’ आलं, मामा वळले, आणि वर्गात खोडी करताना मास्तर यावेत तसा मी दचकून मशीन त्यांच्या हातात देऊन मोकळा झालो. त्यांनी उजव्या हातात मशीन धरलं आणि डाव्या हाताने प्लग लावला.

मशीन हातातून उसळलं, प्रभावळीच्या मोरावर आपटलं, मोराची मान वाकवली आणि परत येताना मामांचा डावा तळवा फाडून गेलं. प्लग मी ओढला. नंतर चाळभर सगळे म्हणत होते, जावयाने काय प्रसंगावधान दाखवलं!

चार टाके पडले. दवाखान्यातून आलो तेव्हा खोली माणसांनी भरली होती. मामा हाताकडे बघतही नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘जावयबापू, मी खटका बघितला होता ना? तुम्हाला दाखवला ना?’’

आजही सांगतो, एवढा सोपा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारलेला नाही. मी म्हणालो, ‘‘माझं नीट लक्ष नव्हतं, मामा.’’

‘‘मग नसेल बघितला,’’ मामा म्हणाले. ‘‘मला वाटलं बघितला.’’

हात पंधरा दिवसांत बरा झाला. मामा झाले नाहीत. जो माणूस कपाच्या कानावर विश्वास ठेवत नव्हता, त्याचा एकाच गोष्टीवर विश्वास होता, स्वतःच्या आठवणीवर, तो उडाला. गॅस बंद केला का, म्हणून अर्ध्या जिन्यातून परत येऊ लागले. कुलूप लावलं की शेजाऱ्यांना ओढून बघायला लावत. ‘मी जेवलो का?’ असं त्यांनी मामींना पहिल्यांदा विचारलं तेव्हा मामी हसल्या. दुसऱ्यांदा नाही हसल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाच्या मानाने डोकं लखलखीत आहे. मामा म्हणाले, ‘‘डॉक्टर त्या दिवशी तिथे होते काय?’’ तिथे मी होतो. मशीन त्यांनी गिरगावातल्या एका पॉलिशवाल्याला देऊन टाकलं. मी दर सणाला जात होतो, मामींच्या हातचं माशांचं तिखलं खात होतो, मामांना ‘तब्येत काय म्हणते’ विचारत होतो. प्रत्येक वेळी जिना चढताना आज सांगायचं असं ठरवत होतो, आणि उतरताना म्हणत होतो की आता सांगून काय उपयोग, त्यांचं वयच झालंय.

गेल्या महिन्यात मामा आमच्याकडे जेवायला आले. मामी बरोबर होत्याच. एकटं बाहेर पडणं मामांनी केव्हाच सोडलं होतं. हात धुताना त्यांच्या खिशातून एक चिठ्ठी पडली. बायकोने उचलून वाचली आणि माझ्या हातात दिली. मामांचं गोल, फिटरचं अक्षर. नाव, चाळ, मजला, खोली. खाली लिहिलं होतं, ‘सापडल्यास कृपया येथे पोचवावे.’

त्या रात्री मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मला काय सांगतोस? उद्या लालबागला जा.’’

दुसऱ्या दिवशी गेलो. मामी कोळंबी सोलत होत्या, मामा खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते. मी चप्पलसुद्धा न काढता म्हणालो, ‘‘मामा, खटका मी दाबला होता.’’

‘‘खयचो खटको?’’

‘‘मशीनचा. त्या दिवशी. तुम्ही हाक मारायला गेलात तेव्हा.’’

मामा पुढे झुकले. ‘‘आणि बाजूचं बटण?’’

‘‘तेपण.’’

‘‘कित्याक?’’

‘‘उगाच.’’

‘‘उगाच म्हणजे?’’

‘‘कसं वाटतं बघायला.’’

‘‘म्हणजे मी तपासलेला.’’

‘‘हो मामा. तुम्ही तपासला, मला दाखवला. मी बघितलं. मग मी खोटं बोललो.’’

मामा उभे राहिले. ‘‘गो, ऐकलंस काय? मी तपासलेलो! इसरलंय नाय मी!’’ मामींनी कोळंबीचा हात माझ्यावर रोखला. त्यांचा आवाज फाटला होता. ‘‘आणि तुम्ही तीन वर्षं माझ्या हातचं जेवलात? लाज नाय वाटली?’’ मी म्हणालो, ‘‘वाटली, मामी. रोज वाटली.’’ ‘‘मग जेवण कसं उतरलं गळ्याखाली?’’ तिखलं उत्तम असायचं, हे खरं होतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मामा मात्र आमच्या दोघांकडेही बघत नव्हते. ते हवेत हात हलवत होते. अदृश्य मशीन उचललं, खटका बघितला, दाराकडे दोन पावलं, परत. मग थांबले. ‘‘चूक माझी आहे,’’ ते म्हणाले. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. ‘‘तुमची आहेच. ती मोठी आहे. पण माझीपण आहे. आधी खटका, मग हाक, असं इतकी वर्षं करत आलो. उलट पाहिजे. आधी हाक, आणि खटका सगळ्यात शेवटी, प्लग हातात असताना. मध्ये कोणाचाच हात नको. माझापण नको.’’ त्यांच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं. मला वाटतं तो आनंदच होता. स्वतःची खरी चूक सापडल्याचा.

मी धीर करून विचारलं, ‘‘मशीन परत आणू का गिरगावातून? मी बोलतो त्यांच्याशी.’’

मामांनी दोन्ही हात समोर धरले आणि बघत राहिले. डावा नाही, उजवा थरथरत होता. ‘‘आता नको,’’ ते म्हणाले. ‘‘तेव्हा चाललं असतं. अजून दोन-तीन वर्षं आरामात चाललं असतं.’’ हे त्यांनी मला टोचायला म्हटलं नाही, म्हणून ते जास्त टोचलं. मग त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. ‘‘पण त्या गिरगाववाल्याला मी जुनाच, चुकीचा क्रम शिकवलाय. जाऊन सांगायला पाहिजे.’’

‘‘मी येतो बरोबर.’’

‘‘कशाला?’’ मामा म्हणाले. ‘‘रस्ता काय मला ठाऊक नाय? तुम्ही बसा. हिला कोळंबी सोलू लागा.’’

ते एकटे जिना उतरले. गॅस बघायला अर्ध्यातून परतले नाहीत, मध्ये थांबले नाहीत. मामींनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मी मात्र ते गिरगावाहून परतीच्या बसमधून उतरून, रस्त्याच्या दोन्ही बाजू दोनदोनदा बघून पलीकडे येईपर्यंत, दुपारभर गॅलरीत उभा होतो.