राजनांदगाववाले नेऊन राहिले म्हणे

मी समोर बाकावर चहा पीत बसलेलो असलो, तरी त्या टपरीवर माझ्याबद्दल 'तो' म्हणूनच बोलत.

"आज डावा पाय जपून टाकून राहिला," रिक्षावाला म्हणायचा.

"जपून नाही गा. चप्पल नवीन हाय त्याची," टपरीवाला दूध ओतता ओतता म्हणायचा.

"चप्पल दोन्ही पायांत हाय ना बे? मंग एकच पाय काऊन जपते?" हे गार्डबाबा. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं की तिघंही माझ्या पायाकडं बघायचे. मीही बघायचो. दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यागत.

टपरी गोंदियात, आमच्या राइस मिलच्या फाटकासमोर होती. मिलमध्ये मी पोत्यांच्या शिलाईवर होतो, पण मला आणलं होतं फुटबॉलसाठी. मी कोल्हापूरचा. आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की त्याच्या पायात बॉल येतो. माझ्या पायातला बॉल सुटला नाही, शाळा सुटली, नववीत. पुढं नागपूरच्या एका स्पर्धेत मिलच्या शेठनी मला खेळताना बघितलं. वडिलांच्या नावानं त्यांनी टीम काढली होती. त्यांनी मला काम दिलं, मिलमागं खोली दिली, स्वतःच्या घरचा डबा सुरू केला. पहिल्या हंगामात लोकांनी मला खांद्यावर घेऊन मैदानाला चक्कर मारली. गावाकडं कुणी मला असं उचललं नव्हतं.

दुसऱ्या हंगामात गुडघा गेला. शेठनी नागपूरला ऑपरेशन करून आणलं आणि परत त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. माणूस बोलून दाखवतो तेव्हा आपल्यालाही काहीतरी बोलता येतं. शेठ फक्त रोज संध्याकाळी मिलमधून जाताना विचारायचे, "कैसा है घुटना?" मी म्हणायचो, "बढ़िया."

बढ़िया नव्हता. एक सामना खेळलो की पुढचे दोन बाहेर. गुडघा सांभाळावा तर मांडी धरायची, मांडी सांभाळावी तर घोटा. शेवटी डॉक्टरनी सरळ सांगितलं, आयुष्यभर नीट चालायचं असेल तर मैदान सोड. ते मी कुणाला सांगितलं नाही. शेठना काय सांगणार? तुम्ही दुरुस्त करून आणलेलं टिकलं नाही म्हणून? गावानं तर माझा गुडघा वाटूनच घेतला होता. रिक्षावाला दरेकशाच्या जंगलातनं मोहाच्या बियांचं तेल आणायचा. टपरीवाला चहात सुंठ जास्त घालायचा. बाजारात अनोळखी माणूस थांबवून विचारायचा, "बरा होईन ना जी रविवारपर्यंत?" त्या बाजारात मला लंगडायची सोय नव्हती.

कोल्हापूरची गाडी गोंदियात येऊन संपते आणि इथूनच परत सुटते. सुट्टीच्या सकाळी मी ती बघायला स्टेशनात जायचो. डब्यावरच्या पाटीवर गावाचं नाव वाचायचं, गाडी हलली की माघारी यायचं. घर असं रोज दारात येऊन उभं राहायचं आणि मला त्यात चढता येत नव्हतं. ह्या माणसांना असं टाकून कसं जायचं? अशाच एका सकाळी ट्रॅकसूट घातलेल्या एका माणसानं हातातला कागद दाखवून मला बोगी कुठली ते विचारलं. मी दाखवली. रिक्षावाला सवारी सोडायला आला होता, त्यानं ते बघितलं.

दुपारी टपरीवर बातमी तयार होती.

"राजनांदगाववाले नेऊन राहिले म्हणे."

"कोन म्हनते?"

"म्या डोळ्यानं पायलं ना! त्यायच्या टीमचा ट्रॅकसूटवाला होता. हातात कागद होता."

"तिकीट असन ते."

"तिकिटावर दोघं दोघं वाकून पायतेत का बे?"

मी म्हटलं, "अहो, तो बोगी विचारत होता."

गार्डबाबांनी माझ्याकडं मायेनं बघितलं. "असंच सांगते सगळे. ते टीव्हीतले मोठमोठे खेळाडूबी पयले नाहीच म्हनतेत. चार दिवसांनी दुसऱ्या क्लबचं शर्ट हातात धरून फोटोत उभे."

माझं नाही म्हणणं हाच पुरावा झाला. वर तिघांनाही मनापासून दुःख झालं होतं. दुसऱ्या दिवशी गार्डबाबांनी उपाय काढला. "बाहेरच्या मानसाले इथं कोनी नाही, म्हनून तो जाते. त्याचं लगन लावून टाका."

गोंदियाजवळच्या मुर्री गावात रिक्षावाल्याचे नातेवाईक होते. धानाची शेती, एकुलती मुलगी, आणि त्यांना घरजावई पाहिजे होता. मला विचारलं नाही असं नाही, विचारलं. मी नाही म्हणायलाच तोंड उघडलं होतं. पण तिघं इस्त्रीचे कपडे घालून, टपरी बंद ठेवून, रिक्षा पुसून फाटकासमोर उभे होते. गार्डबाबांनी तर माझ्या बाजूचे वडीलधारे म्हणून डोक्याला टोपी घातली होती. मी रिक्षात बसलो.

मुर्रीत बोलणी चांगली झाली. मुलीच्या वडिलांनी माझे हात बघितले, दंड बघितला, मान हलवली. मग जेवायला बोलावलं. ओसरीवर सतरंजी, पुढं ताटं, भाताचे ढीग. सगळे मांडी घालून बसले, आणि मी उभाच राहिलो.

मैदानावर गुडघ्याला पट्टा आवळला की सरळ पळता येतं. लोकांना तेवढंच दिसतं. मांडी घालायला पट्ट्याचा उपयोग नाही. मी भिंतीला धरून खाली सरकलो, उजवा पाय दुमडला, डावा दुमडेचना. तो ताटाच्या बाजूनं सरळ पुढं गेला आणि यजमानांच्या अंगावर रोखल्यागत राहिला. परक्याच्या घरात, अन्नासमोर पाय पसरून बसलो होतो मी. मुलगी वरण वाढायला आली, तिनं पायाला वळसा घातला.

तिच्या वडिलांनी घास खाली ठेवला. "पाय दुमडत नाही का गा?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सगळे 'बरा होईन ना' विचारायचे.

"नाही," मी म्हटलं.

"पुढं दुमडन का?"

"नाही. डॉक्टर खेळूही नको म्हणालेत."

रिक्षावाल्याचा हात भातातच थांबला. वडील सरळ बोलले, "मंग धानाच्या रोवणीले चिखलात कसा उतरशीन? पोरगी देनं नाही जमत. राग नोको मानजो. वांग्याची भाजी घे आनखी."

मी घेतली. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती.

परत येताना गार्डबाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. फाटक दिसल्यावर गार्डबाबा म्हणाले, "सेठले कोनी सांगाचं नाही. खोली टीमची हाय. खेळाडू नाही तं खोली कायची?"

"मंग करू काय?" टपरीवाल्यानं विचारलं.

"दुसरे मागून राहिले म्हटलं का सेठ याले सोडत नाही. राजनांदगाव चालू ठेवाचं."

तिघांनी ते असं चालू ठेवलं की दोन दिवसांत राजनांदगाववाले मला घर देऊन राहिले, मोटरसायकल देऊन राहिले. मग बालाघाटवालेही उतरले. टीमच्या चाहत्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये भांडणं लागली. एकजण लिहायचा, जाऊ द्या, सारखा बाहेरच असते. त्याला दहाजण शिव्या द्यायचे. ते वाचून मी फोन पालथा ठेवायचो. माझ्यासाठीच चाललं होतं सगळं, त्यांना थांबा तरी कसं म्हणू?

रविवारच्या सामन्याआधी शेठ स्वतः टपरीवर आले. कधी येत नसत. बाकावर माझ्याशेजारी बसले.

"जा रहा है क्या?"

"नाही शेठजी."

"सच बोल."

मग मी खरं बोललो. गुडघा गेलाय, डॉक्टर नको म्हणालेत, मला आता खेळता येणार नाही. एका दमात बोललो. वाटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे.

शेठ हसले. हसणं चांगलं नव्हतं. "ये राजनांदगाव वालों ने सिखाया? पहले बोलो घुटना गया, मैं छोड़ दूँगा, फिर उधर जा के दौड़ेगा? घर चाहिए था तो मेरे को बोलता ना, बेटा."

ते रागावले असते तर सोसलं असतं. पण ते बेटा म्हणाले होते. माझ्याकडं तेवढंच एक खरं होतं आणि ते मी देऊन बसलो होतो. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

गार्डबाबा उठले. "सेठजी, राजनांदगाववाले नाही हायत."

"मतलब?"

"कोनीच नाही. बालाघाटवालेबी नाही. आमीच उठवलं."

"पयला मात्र खरा होता," रिक्षावाला म्हणाला. "ट्रॅकसूटवाला म्या सोता..."

"बोगी विचारत होता बे तो!" टपरीवाला ओरडला.

मग मुर्रीचं सगळं निघालं. पाय कसा ताटाशेजारी राहिला तेही. शेठ माझ्याकडं बघत नव्हते, चहावर आलेली साय बोटानं काढत होते. ती बाकाला पुसून म्हणाले, "और किस को मालूम है?"

"मुर्रीत एका घराले," रिक्षावाला म्हणाला.

"बस? तो फिर रहने दो." आता ते माझ्याकडं वळले. "रविवार को ड्रेस पहन के बैठ. खेलना नहीं. सिर्फ बैठना. सामने वालों को थोड़ी मालूम है! मैं इशारा करूँ तब उठ के हाथ-पैर हिलाना."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? जाताना त्यांनी विचारलं, "डब्बा टाइम पे आता है ना?"

रविवारी मी पूर्ण ड्रेसमध्ये, पट्टा आवळून मैदानाच्या कडेला बसलो. दुसऱ्या हाफमध्ये शेठनी हात केला. मी उठून खांदे फिरवले, जागच्या जागी थोडं नाचलो. पब्लिक असं ओरडलं की समोरच्यांनी पुढचा एक माणूस घाईघाईनं मागं घेतला. त्या मोकळ्या जागेतून आमचा गोल झाला. आम्ही जिंकलो, आणि मी कायमचा अडकलो.

तेव्हापासून मी बसतोच आहे. खोली आहे, डबा आहे, शिलाईचं काम आहे. ज्यांनी हे सगळं दिलं त्यांच्याबद्दल मनात वाकडं आलं तर मलाच भीती वाटते. प्रत्येक सामन्याला मी बुटांच्या नाड्या खेळायला उतरणाऱ्यासारख्या घट्ट बांधतो, कारण समोरच्या टीमचे लोक आधी बूटच बघतात. पाठीमागं पब्लिकमध्ये बोलणं चालू असतं.

"आज उतरवते का गा त्याले?"

"नाही बे. फायनलसाठी राखून ठेवला हाय."

"औंदा मात्र भिलाईवाले नेऊनच राहिले म्हणे."

मी मागं वळून बघत नाही. समोर शेठचा हात वर जातो, आणि मी उठून जाकीट काढायला लागतो.