बिनखांबी गाडी

गाडी चालवता येत नाही, स्वतःची गाडी कधी घेतली नाही आणि बसमध्ये मागच्या बाकावर बसलं की मळमळतं, अशा बाईनं एकतीस वर्षं रविवारामागून रविवार एक मोटारगाडी कागदावर काढत बसावं, याला काय म्हणायचं? तिच्या सासूबाई 'खूळ' म्हणायच्या. मुलगी 'आईचं ते' म्हणायची. नवरा पोस्टातला, मोजकं बोलणारा माणूस. तो त्या गाडीला नुसतं 'ती' म्हणायचा. "आज ती टेबलावर आहे, तेव्हा जेवायला खालीच बसू," असं म्हणून तो मुकाट्यानं ताटं जमिनीवर मांडायचा.

बाई मोटारींच्या कारखान्यात ट्रेसर होत्या. ट्रेसर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ती जमात आता संपली. ड्राफ्ट्समन पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायचा. ट्रेसरनं त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि रेघ न् रेघ शाईनं उतरवायची. डोकं चालवायचं नाही, हात चालवायचा. शाई चुकली तर ब्लेडनं हळूच खरवडायची, आणि खरवडताना भोक पडलं तर पहिल्यापासून सुरुवात. बाईंचा हात असा होता की त्यांनी उतरवलेलं ड्रॉइंग बघून ड्राफ्ट्समन स्वतःवरच खूश व्हायचे.

अशा हातूनही व्हायची ती चूक झालीच. बाई तेव्हा तिशीच्या. टेबलावर स्टेशन वॅगनचं ड्रॉइंग होतं, लांबलचक गाडी, चार दारं आणि मागं सामानाला ऐसपैस जागा. पुढचं दार उतरवून झालं आणि जेवणाची घंटा वाजली. परत आल्यावर बाईंनी मागच्या दारापासून सुरुवात केली आणि दोन दारांच्या मधला, खालून थेट छपरापर्यंत जाणारा खांब राहूनच गेला. नजरचुकीनं कागद तसाच पुढं गेला, त्याच्या सहा ब्लूप्रिंट निघाल्या आणि त्यातली एक पत्रा विभागात पोचली. तिसऱ्या दिवशी पत्र्याचा मिस्त्री ती फडफडवत जिना चढून वर आला.

"साहेब, छप्पर कशावर ठेवू? वाऱ्यावर?"

अख्खं ऑफिस हसलं. ड्रॉइंग ऑफिसचे मोठे साहेब विनोदी होते, म्हणजे दुसऱ्याच्या फजितीवर हसण्याइतके. त्यांनी तो कागद दारासमोरच्या फळ्यावर टाचला आणि खाली लिहिलं, 'खांब हरवला आहे. शोधून देणाऱ्यास चहा.' त्या दिवसापासून बाईंचं नाव 'बिनखांबी' पडलं.

बाई रडल्या. पण डोळे पुसून बाहेर आल्या तेव्हा त्यांनी फळ्यावरची ती गाडी पहिल्यांदा लांबून पाहिली. ट्रेसरचा कागद नेहमी नाकाशी असतो, लांबून बघायला फुरसत कुणाला? लांबून पाहिलं तर पुढच्या काचेपासून मागच्या चाकापर्यंत एकच सलग खिडकी. वर पत्र्याचं छप्पर, खाली गाडीचं अंग आणि मधे नुसता वारा. बिनखांबी, पत्र्याच्या छपराच्या गाड्यांना हार्डटॉप म्हणतात आणि तशा गाड्या साहेबांच्या मासिकांत होत्या. पण त्या आखूड, दोन दारांच्या, नुसत्या मिरवायच्या. अख्खं घर सामानासकट मावेल अशी लांब हार्डटॉप वॅगन त्या कारखान्यात कुणाच्या स्वप्नातही आली नव्हती. बाई तडक साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेब, अशीच केली तर?"

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, ट्रेसरची रेघ राहिली तर तिला चूक म्हणतात. कल्पना म्हणत नाहीत. पुन्हा करा."

हे 'पुन्हा करा' बाईंच्या जिव्हारी लागलं, आणि का लागलं ते त्या ऑफिसात बसलेल्यालाच कळेल. ड्राफ्ट्समननं ड्रॉइंग आणलं की साहेब लाल पेन्सिल उचलायचे. चुकीभोवती गोल करायचे, कडेला प्रश्न लिहायचे, माणसाला फैलावर घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "सुधारून आणा." ट्रेसरच्या कागदाला ती पेन्सिल कधी लागली नाही. तिला नुसतं 'पुन्हा करा'. सुधारायला आधी त्यात काहीतरी स्वतःचं असावं लागतं ना! बाईंनी त्या दिवशी मनाशी ठरवलं की या माणसाकडून एकदा तरी लाल पेन्सिलीचा गोल घ्यायचा. लोक पदकं मागतात. या बाईनं चूक काढून मागितली.

मग सुरू झाले ते रविवार. बाईंना गणित जेमतेम येत होतं, पण कान शाबूत होते. आठवडाभर दुसऱ्यांची ड्रॉइंगं उतरवताना त्या भोळेपणाचा आव आणून विचारायच्या, "हे इथं एवढं जाड का हो?" पुरुषमाणसाला भोळा प्रश्न विचारला की तो अर्धा तास बोलतो. त्या अर्ध्या अर्ध्या तासांतून बाईंनी मोटारीचं अख्खं शास्त्र जमवलं. खांब नाही तर छपराचा भार कुठं जाईल? खालच्या चौकटीत. मग ती दुहेरी केली. मागचं दार कशावर टांगायचं? काचेच्या खालच्या कडेपर्यंतच येणाऱ्या बुटक्या खांबावर. छपराला मागं जाड कमान दिली. रंग ठरवला, अंग गडद हिरवं आणि छप्पर सायीच्या रंगाचं.

सगळ्यात छळलं ते मागच्या दाराच्या काचेनं. काच पूर्ण खाली गेली नाही तर हार्डटॉपची मजाच काय? पण खाली जाताना चाकावरची कमान आड यायची. त्या एका काचेपायी पावणेतीन वर्षं गेली. पुठ्ठ्याची काच कापून बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर टाचणीनं टोचून बाई ती फिरवत बसायच्या. एके दिवशी हात सटकला, पुठ्ठा पुढच्या बाजूला कलला आणि अलगद खाली गेला. बाई किंचाळल्या. नवरा दाढी अर्धी टाकून धावत आला.

"काय झालं? बोट कापलं?"

"काच खाली गेली!"

त्यानं टेबलाकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं. "बरं झालं," तो म्हणाला. "माझी जागा कुठली त्यात?"

"मागं. सामानाशेजारी."

"वाटलंच होतं," म्हणून तो उरलेली दाढी करायला गेला.

वर्षं गेली. ड्रॉइंग ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि ट्रेसर गेल्या. बाई स्टोअरमध्ये बसून खिळे-नट मोजून निवृत्त झाल्या. ड्रॉइंगचे कागद मात्र बावीस झाले होते, नंबर घातलेले, शाईनं उतरवलेले. पेन्सिलही त्यांची आणि शाईही त्यांचीच.

मग जुन्या कामगारांचा मेळावा भरला, कारखान्याच्या कँटीनमध्येच. 'आपले छंद मांडा' असं पत्र आलं. बाईंनी बावीसच्या बावीस कागद नेले. त्यांना जागा मिळाली ती लोकरीचा हत्ती आणि काडेपेट्यांचं घर यांच्या मधे. लोक यायचे, हत्तीला 'छान' म्हणायचे, घराला 'छान' म्हणायचे आणि त्याच दमात गाडीलाही 'छान' म्हणून पुढं सरकायचे. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पत्र्याचा मिस्त्री आता पांढऱ्या मिशांचा झाला होता. तोही आला आणि म्हणाला, "बिनखांबी, अजून खांब सापडला नाही वाटतं!" पण बोलता बोलता तो तिथंच थांबला, वाकून बघायला लागला आणि पुढं जायचं विसरला.

प्रमुख पाहुणे म्हणून मोठे साहेब आले होते. वय अठ्ठ्याऐंशी, हातात काठी, शेजारी सून. टेबलापाशी आले, मान हलवली आणि म्हणाले, "वा, छान. वेळ चांगला जातो."

बाईंच्या कानशिलात रक्त चढलं. एकतीस वर्षं काय वेळ घालवायला? त्यांनी पर्स उघडली आणि टोक काढून ठेवलेली लाल पेन्सिल साहेबांपुढं धरली.

"साहेब, छान नको. तपासा."

सून म्हणाली, "अहो, त्यांना आता दिसत नाही नीट..."

"दिसतं मला," साहेब म्हणाले. ते पेन्सिलीकडे बघत होते. मग त्यांनी काठी सुनेच्या हातात दिली. "खुर्ची आणा. आणि तो हत्ती उचला इथून."

दोन तास माणूस उठला नाही. जेवणं झाली, भाषणं झाली, प्रमुख पाहुण्यांचं भाषण मात्र राहिलं. साहेब नाक कागदाला लावून एकेक माप वाचत होते आणि मधेच खेकसत होते. "छप्पर बसेल खाली!" बाई म्हणायच्या, "कागद नंबर तीन, साहेब. चौकट दुहेरी आहे." "दार लोंबकळेल!" "नंबर सात. बुटका खांब." "काच कमानीला अडेल. आता बोला!" "नंबर अकरा. काच पुढं कलून खाली जाते." अकरा नंबर साहेबांनी तीनदा पाहिला. भोवती कोंडाळं जमलं होतं. पेन्सिल अजून कागदाला लागली नव्हती. काहीच सापडलं नाही तर हा माणूस पुन्हा 'छान' म्हणून उठेल!

साहेबांनी हळूच विचारलं, "पाऊस आला. पुढच्या माणसानं काच वर केली. मागचा आळशी, त्यानं नंतर केली. मागची काच वर येताना कललेली असणार. मग ती पुढच्या काचेवर आपटणार नाही?"

एकतीस वर्षांत हे बाईंना सुचलंच नव्हतं, कारण त्यांच्या मनात त्या गाडीच्या सगळ्या काचा कायम खाली होत्या. आत मंडळी बसलेली, वारा सुटलेला. त्या गाडीवर कधी थेंबभर पाऊस पडला नव्हता.

"आपटणार, साहेब," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पेन्सिल टेकवली आणि अकरा नंबरवर चांगला ठसठशीत लाल गोल केला. कडेला लिहिलं, 'पावसात काय?' मग बाईंना असं फैलावर घेतलं की सुनेलाच लाज वाटली. "एवढं साधं दिसलं नाही? गाडी फक्त उन्हात चालते? डोकं कुठं होतं?" बाई उभ्या राहून ऐकत होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं आणि हसू काही आवरत नव्हतं.

"सुधारून आणा," साहेब म्हणाले. "आठ दिवसांत."

"चार दिवसांत आणते."

एवढं होतंय तोच कोंडाळ्यात भांडण पेटलं. रबर विभागातला एक म्हातारा म्हणाला की दोन काचांच्या मधे रबराची पट्टी द्या, काम होईल. मिस्त्री ओरडला, "रबर काय करणार? मागची काच बोटभर आत घ्या, म्हणजे ती पुढचीच्या मागून जाईल." रबरवाला म्हणाला, मग फटीतून पाणी येईल, तिथं तरी माझी पट्टी लागेलच. छपराचा पत्रा एका तुकड्यात दाबायचा की दोन, यावर तर दोघं जण एकमेकांच्या अंगावर धावून गेले. बाईंचा नवरा इतका वेळ कोपऱ्यात चहा पीत होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी!" पण चहा तसाच ठेवून तो कोंडाळ्याकडे सरकला. ज्या गाडीपायी तो इतकी वर्षं जमिनीवर जेवला, तिच्यासाठी आज लोक हातघाईवर आले होते.

काच बोटभर आत घ्यायची म्हणजे सात कागद बदलावे लागतात. बाई चार दिवस टेबलावरून उठल्या नाहीत. नवऱ्यानं भात केला, तो करपला, दोघांनी तो खाल्ला. पाचव्या दिवशी सकाळी बाई साहेबांच्या घरी गेल्या. सून दार उघडत म्हणाली, "या. बाबा कालपासून टेबलावर काही ठेवू देत नाहीत."

साहेबांनी सातही कागद पाहिले. पुढची काच वर असताना मागची तिच्या आतून येते, रबराची पट्टी दोन्ही काचांना चिकटते आणि पाण्याला वाट राहत नाही. पेन्सिल हातात होती, पण ती चालली नाही. मग त्यांनी पहिला कागद ओढला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सह्यांची चौकट असते. काढणार, उतरवणार, मंजूर. बाईंनी सवयीनं फक्त 'उतरवणार'पुढं आपल्या नावाची दोन अक्षरं घातली होती.

"काढलं कुणी हे?"

"मीच की, साहेब."

"मग तिथं सही कुठंय? बिनसहीचा कागद मी मंजूर करत नाही."

बाईंनी पेन उघडलं. आयुष्यभर ज्या हातानं दुसऱ्यांच्या रेघांवरून केसभरही न ढळता शाई फिरवली, त्या हातानं इतकी मोठी सही केली की ती चौकटीबाहेर गेली आणि गाडीच्या मागच्या चाकाला जाऊन टेकली.

"बाहेर गेली," साहेब म्हणाले.

"हो. गेली."

"खरवडायची?"

"नाही."

साहेबांनी चष्मा पुसला, कागद स्वतःकडे वळवला आणि 'मंजूर'पुढं सही केली. ती अगदी बारीक केली, कारण जागा तेवढीच उरली होती.