मधली मोजणी

त्या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वाशीमच्या दवाखान्यात मी एका चाचणीचं काम बघते. साखरेच्या रुग्णांच्या पायाला होणाऱ्या जखमांवरचं नवं मलम. सगळेच एका ईमेलची वाट बघत होते, पण माझा जीव वेगळ्याच कारणानं टांगणीला लागला होता. माझा रिठदचा मामा त्याच चाचणीत होता आणि त्याच्या अंगठ्याची जखम भरायचं नाव घेत नव्हती. आणखी चिघळली तर पाऊल काढावं लागेल, असं डॉक्टर बोलून बसले होते.

अर्ध्या लोकांना नवं मलम, अर्ध्यांना जुनंच. ट्यूबा दिसायला सारख्या. कोणाला कोणती, हे ना रुग्णाला ठाऊक ना आम्हाला. मध्ये एकदा-दोनदा बाहेरची समिती आकडे उघडून बघते. नव्याचा फायदा ढळढळीत दिसला तर चाचणी थांबवून सगळ्यांना तेच देतात. पण इतक्या लवकर थांबवायचं, तर थोडाथोडका फरक चालत नाही. "पहिल्या फेरीत पुढे दिसला म्हणून गुलाल उधळायचा नसतो," मी मामाला समजावलं होतं.

"पन माहा पाय काय निवडनुकीले उभा हाये का वं?" तो म्हणाला.

समितीचा ईमेल आला. चाचणी आहे तशी चालू ठेवा. बस्स! फरक थोडा दिसला की दिसलाच नाही, हे समिती सांगत नाही. सांगायचंच नसतं, हे मीच नव्या पोरींना शिकवते. तरी त्या दिवशी असा संताप आला की डबा न उघडताच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी रिठदला गेले. ओट्यावर मामा आणि समोरच्या घरातला त्याचा जुना सोबती. सोबतीही चाचणीत होता, पण त्याची जखम भरत आली होती. आपल्या ट्यूबमधलं मलम तो मामाच्या अंगठ्याला लावत होता.

"अवं माय! हे काय चालवलंय?"

"माही ट्यूब गुनाची हाये, त्याची नाही," सोबती म्हणाला. "मंग एकट्यानंच कायले लावू? संक्रांतीपासून अर्धी अर्धी करतो. गावातले बाकीचेबी तसंच करून राह्यले."

ज्या गावात भाजी चांगली झाली की वाटीभर शेजारी जाते, तिथे मलम कसं थांबणार होतं! आणि समितीच्या हिशेबात ज्याला जी ट्यूब दिली, त्याच गटात त्याचा पाय मोजतात. सगळ्यांनी सगळंच लावलं तर फरक दिसणार कुठून? फरक दिसला नाही, तर हे मलम पुढे कोणालाच मिळायचं नाही.

"मामा, बंद कर हे."

"पुन्ना कवा पाहतीन ते?"

"सहा-सात महिन्यांनी."

"तवरोक राहीन हा पाय?"

मी पट्टी पूर्ण सोडली. जखमेच्या कडेला गुलाबी मांस धरलं होतं. मागच्या खेपेला ते नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून मी दोघांवर आणखीच डाफरले.

तिथूनच डॉक्टरांना फोन करून सगळं कळवलं. दोघांना पुन्हा पुन्हा बजावलं. "हो वं बाई, नाही लावत," सोबती म्हणाला. खोटं बोलत होता, तोंडावरच दिसत होतं. मी गाडीला किक मारली आणि मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर थांबवावं लागलं असतं, आणि मला मामाचा पाय हवा होता.